दक्षिणेविना यज्ञ

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या हजेऱ्या लिहिल्या. कराडजवळच्या एका धर्मादाय संस्थेत कारकून म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. संस्थेचं नाव इथे घेत नाही. तिने माझं घर चालवलं आहे, आणि जे सांगणार आहे ते काही त्या एकाच ठिकाणी घडत नाही. मस्टरवर निळ्या शाईची सही म्हणजे हजर, लाल रेघ म्हणजे खाडा, रजा असेल तर रजेचं अक्षर. या तिन्हींत न बसणारी एक खूण माझ्या मस्टरवर असायची. ती मी पेन्सिलीने करायचो : 'श्र'. म्हणजे श्रमदान.

वर्धापनदिन, संस्थापकांची जयंती, मोठ्या पाहुण्यांची भेट, पावसाळ्याआधीची आवाराची सफाई, असे वर्षाला दहा-बारा रविवार 'श्र'चे असत. कोण आलं, कोण नाही आलं हे साहेबांना कळावं म्हणून खूण करायची. आणि पगारपत्रकात त्या दिवसाला जागाच नाही म्हणून ऑडिटच्या आधी खोडरबराने पुसून टाकायची. पुसलेल्या जागी कागद पातळ होतो. पान उजेडासमोर धरलं की कुठल्या रविवारी किती माणसं राबली ते आरपार दिसायचं.

सूचनाही मीच लिहायचो, माझं अक्षर चांगलं म्हणून. 'सर्व सेवकांनी रविवारी सकाळी आठ वाजता स्वेच्छेने उपस्थित राहावे.' आणि त्याखाली दुसरी ओळ : 'अनुपस्थित राहणाऱ्यांनी लेखी खुलासा सादर करावा.' या दोन ओळी एकाखाली एक मी कितीदा लिहिल्या याची गणती नाही. लिहिताना हात कधी अडखळला नाही, हे आज कबूल करायला हवं.

एकदा मात्र अडखळला. श्रावणातला रविवार होता. आमच्याकडे रोजंदारीवर झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. आठवड्याचे सहा दिवस आमच्याकडे, रविवारी लोकांच्या रानात. तो रविवार त्यांनी मांडवाखाली सतरंज्या अंथरण्यात, पाण्याची पिंपं भरण्यात घालवला. संध्याकाळी मी वहीत खुणा करत होतो, तेव्हा त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊसाहेब, आज भांगलणीला गेले असते तर घरात तेल-मीठ आलं असतं. मग ही सेवा कुणाची झाली? माझी, का माझ्या पोरांची?"

त्या भांडायला आल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. मी म्हणालो, "मावशी, देव बघतो." त्या काही न बोलता गेल्या. ते उत्तर खोटं होतं असं नाही, पण ते द्यायचा अधिकार माझा नव्हता. माझा महिन्याचा पगार ठरलेला होता. माझ्या रविवारी माझी फक्त विश्रांती बुडाली होती, त्यांच्या रविवारी चूल बुडाली होती. आणि वहीत आम्हा दोघांपुढे एकच 'श्र' होता.

निवृत्त झाल्यावर कृष्णेच्या घाटावर सकाळच्या ज्ञानेश्वरी वाचनाला जाऊ लागलो. आम्ही आठ-दहाजण आहोत : निवृत्त मास्तर, एक कंपाउंडर, दोन शेतकरी. एक अध्याय धरायचा आणि तो संपेपर्यंत सोडायचा नाही, अशी रीत. सतरावा अध्याय लागला तेव्हा मावशींचा तो प्रश्न वीस वर्षांनी माझ्यासमोर येऊन बसला.

आमच्या साहेबांना गीता पाठ होती, आणि ते मनाचे वाईट नव्हते. प्रत्येक वर्धापनदिनाच्या भाषणात ते दुसऱ्या अध्यायातला फळाची आशा न धरण्याचा उपदेश सांगत आणि म्हणत, "आपण नोकरी करत नाही, सेवा करतो." टाळ्या पडत. माझीही टाळी असे. पण गीतेत तो उपदेश कोणाला केला आहे? कर्म करणाऱ्याला. करवून घेणाऱ्याला देवाने कुठेही सांगितलेलं नाही की, तू समोरच्याचं फळ ठेवून घे. निष्कामता हे करणाऱ्याने स्वतःच्या मनाशी मिटवायचं प्रकरण आहे. दुसऱ्याच्या निष्कामतेवर आपला खर्च वाचवणं हा तर उघड उघड सकाम व्यवहार झाला.

करवून घेणाऱ्याने काय करावं हे गीतेने सांगितलेलं नाही असंही नाही. ते सतराव्यात आहे. यज्ञाचे तीन प्रकार सांगताना तामस यज्ञाची लक्षणं मोजली आहेत. विधी नाही, मंत्र नाही, श्रद्धा नाही, ही तीन सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांच्याच जोडीला आणखी दोन आहेत : ज्यात अन्न वाटलं नाही आणि ज्यात दक्षिणा दिली नाही. 'अदक्षिण' असा शब्द आहे. श्रद्धा नसणं आणि राबलेल्याला दक्षिणा न देणं ही दोन्ही एकाच श्लोकात, एकाच पंगतीला बसवली आहेत.

दक्षिणा म्हणजे खुशीचं दान, असं मी समजत होतो. आमच्यातल्या संस्कृतच्या मास्तरांनी ते दुरुस्त केलं. यज्ञाचा सगळ्यात बारीक विचार केला मीमांसकांनी, आणि त्यांनी यज्ञातल्या दक्षिणेला दान मानलेलं नाही. त्यांचा शब्द 'परिक्रय'. यज्ञाचं फळ यजमानाला मिळतं, ऋत्विजाला नाही. स्वर्ग यजमानाचा. मग ऋत्विजाने धुरात डोळे का जाळून घ्यायचे? म्हणून त्याचे श्रम मोल देऊन घ्यायचे, आणि ते मोल म्हणजे दक्षिणा. दोन हजार वर्षांपूर्वी मंत्र म्हणणाऱ्यांच्या बाबतीतसुद्धा आपल्या शास्त्राने हा हिशेब इतका स्वच्छ ठेवला होता. फळ ज्याच्या पदरात पडतं, त्याने मोल द्यायचं.

वर्धापनदिनाचं फळ कोणाच्या पदरात पडत होतं? पाहुणे येत, देणग्या जाहीर होत, फोटो छापून येत, पुढच्या वर्षीचे प्रवेश वाढत. यजमान संस्था होती. मावशी ऋत्विज होत्या, आणि त्यांचा यज्ञ अदक्षिण होता.

त्याच अध्यायात थोडं पुढे दानाचं येतं. सात्त्विक दान कोणाला द्यावं, तर 'अनुपकारी'ला, म्हणजे ज्याच्याकडून आपल्याला परत काही मिळायचं नाही त्याला. आता ज्याच्या हातात माझी वेतनवाढ आहे, माझा गोपनीय अहवाल आहे, रोजंदारीवरच्या माणसाला उद्या बोलवायचं की नाही हे जो ठरवतो, तो अनुपकारी कसा? त्याला दिलेल्या रविवारात परतफेडीची आशा किंवा न दिल्यास नुकसानीची भीती, दोन्हीपैकी काहीतरी मिसळणारच. परतफेडीसाठी दिलेलं किंवा मन दुखवून, कष्टी होऊन दिलेलं दान राजस, असं तिथेच पुढे म्हटलं आहे. म्हणजे माझं मन कितीही निर्मळ असलं, तरी नोकराने मालकाला द्यायचं दान हे निखळ दान होऊच शकत नाही. तिथे जागाच चुकलेली आहे.

यावर आमच्या वाचनातल्या एकाने तळमळून विचारलं, "मग काल्याचं काय?" प्रश्न रास्त होता, कारण कराडच्या माणसाला काले हे गाव पाठ आहे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीला, भाऊराव पाटलांनी तिथे रयत शिक्षण संस्था काढली. पुढे वसतिगृह चालवायला पैसे नव्हते तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. पोरांनी जमीन खणली, भाकऱ्या भाजल्या, भिंती उभ्या केल्या. असल्या त्यागावरच या भागातली शाळा-कॉलेजं उभी राहिली. आमच्या कराडात त्यांनी १९५४ साली काढलेल्या कॉलेजला नाव दिलं तेही गाडगे महाराजांचं, ज्यांनी खराटा हातातून सोडला नाही. मोबदला मागणारी माणसं असती तर यातलं काय झालं असतं?

मी त्यावर बरेच दिवस विचार केला. भाऊरावांच्या योजनेचं नाव 'कमवा आणि शिका'. त्यातला पहिला शब्द 'कमवा' आहे. पोरगं राबत होतं ते जेवण, राहणं आणि शिक्षण कमावत होतं, आणि त्या श्रमाचं फळ त्याच्याच अंगी लागत होतं. लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले ते स्वतःचे. गाडगे महाराज गाव झाडायचे ते स्वतःच्या हाताने, आणि खराटा हातात घेतल्याशिवाय भाकरीला शिवायचे नाहीत. भाकरी आणि काम त्यांनी एकमेकांना बांधून टाकली होती. 'काम कर, भाकरीचं देव बघेल' हे माझं वाक्य त्यांच्या तोंडी शोभलं नसतं.

पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचंही तसंच. गोखल्यांनी महिना पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षं देण्याचं व्रत घेतलं, ते आपण कौतुकाने सांगतो. पण ते आजीव सभासद होते, संस्थेचा कारभार त्यांच्याच हाती होता. आजीव सभासदाने बाहेर कमाई करावी की करू नये यावर तिथे केवढा वाद झाला, आणि १८९० मध्ये टिळक त्या संस्थेतून बाहेर पडले त्याला तो वादही कारण होता. तो वाद बरोबरीच्या माणसांचा होता. त्यागाची रक्कम त्यागी माणसं स्वतःच ठरवत होती. संस्थापकाने स्वतःच्या पोटाला चिमटा घेणं आणि तोच चिमटा पुढे चाळीस वर्षांनी शिपायाच्या पोटाला घेणं, या दोहोंना आपण एकच नाव देतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

दुसऱ्या गोष्टीलाही आपल्या भाषेत नाव आहे : वेठ. ते नाव आपल्याला आवडत नाही, कारण त्यात देवाचा वास येत नाही. पण सातारा-सांगलीच्या गावागावांत महार वतनाची कामं याच रीतीने चालत. काम काय, किती तास, कोणासाठी, याला हद्दच नाही. सरकारचं काम घ्यायचं आणि मोबदल्याला बलुत्याकडे बोट दाखवायचं. बोलावणं येण्याची वेळ कुठलीही, आणि घरचा कर्ता नसला तर घरातल्या दुसऱ्या कोणी जायचं. साताऱ्यात शाळेत गेलेल्या बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात यावर बिल आणलं. वतनं प्रत्यक्ष संपवण्याचा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. तेव्हा मुख्यमंत्री होते आपले यशवंतराव, ज्यांची समाधी कराडच्या प्रीतिसंगमावर आहे. वतनाला गावाने कधी वेठ म्हटलं नाही, 'मान' म्हटलं, 'हक्क' म्हटलं. राबवून घेणाऱ्याला चांगला शब्द नेहमी सापडतो. मी माझ्या वळणदार अक्षरात लिहायचो तो 'स्वेच्छेने' हा शब्द त्याच कुळातला.

राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठीला बंदी आहे. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांचा खटला आला, तेव्हा न्यायमूर्ती भगवतींनी या कलमाचा अर्थ खोलवर नेला. पाठीवर चाबूक असेल तरच सक्ती, असं नाही. भूक आणि गरज माणसाला कमी मोलावर राबायला लावते तीही सक्तीच. किमान वेतनापेक्षा कमी देऊन घेतलेलं काम त्यांनी वेठीत धरलं. मजूर आपल्या पायांनी कामावर आले होते, तरीही.

याहून जवळचा प्रश्न अमेरिकेतल्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८५ मध्ये आला. अलामो नावाची एक धर्मसंस्था पेट्रोल पंप, कपड्यांची दुकानं, वराहपालन असे धंदे चालवत होती. राबणाऱ्या अनुयायांना जेवण, कपडा, निवारा मिळे, पगार नाही. त्यांनी स्वतः न्यायालयाला सांगितलं की, आम्हाला पगार नकोच, तो विचारसुद्धा मनाला क्लेश देतो. न्यायालयाने तरीही वेतनाचा कायदा लागू केला. कारण असं दिलं : 'मला नको' म्हणण्याची मुभा ठेवली, तर ज्याचा हात वरचढ आहे तो समोरच्याकडून 'मला नको' म्हणवून घेईल. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या मस्टरवर एकानेही कधी 'मी स्वेच्छेने आलो नाही' असं लिहिलेलं नव्हतं.

मी हे लिहितो म्हणून कोणी समजू नये की मला श्रमदान नको आहे. माझ्या नोकरीतली सगळ्यात सुंदर रात्र बिनपगारी आहे. एका उन्हाळ्यात आमच्या जुन्या सभागृहाला रंग द्यायला पैसे नव्हते. आम्ही सहाजणांनी, कोणी न सांगता, चुना भिजवला आणि रात्री जेवून आल्यावर पहाटेपर्यंत भिंती रंगवल्या. एकाने अभंग धरला, बाकीच्यांनी ओढला. सकाळी साहेब आले आणि दारातच उभे राहिले. त्या रात्रीचे पैसे कोणी देऊ केले असते तर मला अपमान वाटला असता. पण त्या रात्री सूचना नव्हती, मस्टर नव्हतं, आणि सातवा जो आला नाही त्याला दुसऱ्या दिवशी कोणी काही विचारलं नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-कोयना फुगल्या. प्रीतिसंगमावर पाणी चढलं, खाली सांगलीत रस्त्यांवरून होड्या फिरल्या. आमच्या गल्लीत देवळापुढे भाकऱ्या गोळा होत होत्या. तिथे शेजारची एक मुलगी रात्री अकरापर्यंत भाकऱ्या कागदात बांधत बसायची. ती एका रुग्णालयात नर्स. त्याच आठवड्यात तिच्या रुग्णालयाने आपल्या नावाचा फलक लावून शिबिर घेतलं आणि तिला साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तिथे उभं केलं, इंजेक्शनं द्यायला. बदली रजा नाही, पैसे नाहीत. 'पूर आहे, सेवा समजा.' ती मला म्हणाली, "काका, दमले मी दोन्हीकडं सारखीच. पण भाकऱ्या बांधून घरी आले तेव्हा झोप लागली."

तिच्या या बोलण्यात माझ्या मते सगळा निवाडा आहे. ज्या कसबासाठी पगार मिळतो तेच काम, त्याच मालकासाठी, त्याच्याच सांगण्यावरून केलं, तर ते काम आहे. मग वर पूर असो, जयंती असो की यज्ञ. त्याचं मोल द्यायला हवं. देवळापुढच्या भाकऱ्या तिच्या होत्या. तिथून ती कधीही उठून घरी जाऊ शकत होती.

हल्ली कंपन्यांतही हे आलं आहे. माझा पुतण्या एका कंपनीत आहे, त्याला रविवारी टेकडीवर झाडं लावायला नेतात. अंगात कंपनीचा टी-शर्ट, फोटो कंपनीच्या अहवालात. झाडं लागतात, ते चांगलंच आहे. पण नफ्यातून समाजासाठी ठरावीक वाटा खर्च करणं मोठ्या कंपन्यांवर २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो वाटा कंपनीच्या तिजोरीतून जायचा आहे. पुतण्याच्या रविवारातून नव्हे.

'संस्था म्हणजे कुटुंब' असंही म्हणतात. कुटुंबात मस्टर नसतं, एवढंच मी म्हणेन.

आमच्या वारकरी परंपरेत दामाजीपंतांची कथा सगळे जाणतात. दुष्काळात मंगळवेढ्याच्या या माणसाने बादशहाची कोठारं भुकेल्यांसाठी उघडली. पुण्य केवढं! पण धान्य दुसऱ्याचं होतं. विठ्ठलाने बादशहाला निरोप धाडला नाही की, 'धर्मकार्य झालं, आता हिशेब सोड.' तो स्वतः विठू महार होऊन बिदरला गेला, धान्याचं मोल मोजून दिलं आणि पावती घेतली. कथेत पावती आहे, हे मला लहानपणी उगाच वाटायचं. आता वाटतं, त्या पावतीसाठीच ती कथा आहे. धर्मकार्य कितीही मोठं असो, ज्याचं त्याला पोचवल्याशिवाय ते देवाने पुरं धरलेलं नाही. एका इमाम साहेबांकडूनही मी हेच ऐकलं आहे : मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्यावी, असा पैगंबरांचा आदेश आहे.

मग त्यागावर संस्था चालायच्याच नाहीत का? चालतील. क्रम मात्र बदलावा लागेल. रविवारचा रोज आधी मावशींच्या हातात द्या. दाराशी दानपेटी ठेवा आणि तिच्याजवळ कोणी उभं राहू नका. घरी जाताना त्यांनी त्यातले पाच रुपये पेटीत टाकले, तर ते पाच रुपये अनुपकारी हाताने घेतलेलं दान असेल. नाही टाकले, तर तेल-मीठ जाईल घरात. तेही देवाच्याच खात्यात.

मावशी आता नाहीत. त्यांच्या नावापुढचे 'श्र' मी माझ्या हाताने पुसले आहेत. त्यामुळे त्यांचे किती रविवार देणं आहे हे मला कोणाला दाखवता येणार नाही. जे आज माझ्या जागी बसून सूचना लिहितात, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. 'स्वेच्छेने' लिहिलंत तर खुलाशाची ओळ खोडा. खुलाशाची ओळ ठेवायचीच असेल, तर 'स्वेच्छेने' खोडा आणि त्या दिवसाचा रोज पगारपत्रकात शाईने लिहा.